सोन्यामागे धावलेली माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने काही वाचून, विचारून, माहिती जमवून चार शब्द बोलावेत असा आपला रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी सातवी शिकलेली बाई. माझे बोलणे तुम्हांला भाकरीसारखे साधे वाटेल. पण भाकरी भाजलेली असावी, कच्ची नसावी, एवढी काळजी मी घेतली आहे.

विषय मी सोन्याचा घेतला आहे. काहीजणी हसल्या, ते मी पाहिले! बायकांना सोन्याखेरीज दुसरे काय सुचणार, असे पुरुषमंडळी म्हणतील. म्हणू देत. परंतु आज मी दागिन्यांविषयी बोलणार नाही. हे सोने जमिनीतून वर कसे येते, त्याच्यासाठी आपल्या दक्षिणेत एके काळी कशी झुंबड उडाली, त्यात कोण तरले नि कोण बुडाले, ते सांगणार आहे. त्यातून आपल्या घरापुरते काही घेण्याजोगे आहे, तेही शेवटी सांगेन.

या विषयाकडे मी वळले ती माझ्या मावसबहिणीमुळे. ती हट्टीला दिलेली आहे. इथून कलबुर्गी गाठायची, पुढे भीमा आणि कृष्णा ओलांडायच्या, की रायचूर जिल्ह्यात लिंगसुगूर तालुक्यात हे गाव लागते. कानडीत हट्टी म्हणजे वाडी, वस्ती. मराठीत हट्टी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे, आणि गावाला दोन्ही अर्थ शोभतात! कारण त्या वस्तीतली माणसे दोन हजार वर्षे त्याच खडकाला हट्टाने खणत आलेली आहेत.

तिथे गेले तेव्हा मला वाटले होते, सोन्याच्या खाणीचे गाव म्हणजे काहीतरी झळाळी असेल. प्रत्यक्षात काळ्या-करड्या दगडाचे ढीग, धूळ, भोंगा आणि पाळीवर जाणारी माणसे. खाणीतल्या दगडात सोने डोळ्यांना सहसा दिसतही नाही. बहिणीचे यजमान खाणीतच कामाला आहेत. ते म्हणाले, "वहिनी, एक टन दगड फोडून त्याचे पीठ केले, की तीन ग्रॅमच्या आसपास सोने मिळते." मी मनात हिशोब केला. टन म्हणजे आपली ज्वारीची दहा पोती. म्हणजे तोळाभर सोन्यासाठी पस्तीस-चाळीस पोत्यांच्या वजनाचा दगड खणायचा, वर आणायचा, दळायचा, औषधी पाण्यात भिजवायचा. त्या दिवसापासून गळ्यातल्या वाट्या मला जड वाटू लागल्या आहेत.

जुन्या काळी तर यंत्रे नव्हती, सुरुंग नव्हते. तेव्हाची माणसे खडकावर लाकडे रचून आग पेटवीत, खडक तापला की त्यावर पाणी ओतीत. खडक तडकला म्हणजे पहारीने उकरून टोपल्यांनी वर काढीत. या रीतीने हट्टीला सहाशे फुटांहून खोल उतरलेली जुनी खाण इंग्रज इंजिनिअरांना सापडली. सहाशे फूट म्हणजे आपल्या दहा-बारा विहिरी एकीखाली एक! आजूबाजूच्या खडकांवर दगड कुटण्या-वाटण्याचे खळगे आहेत. आपल्या जुन्या उखळासारखेच. कुटायला कोण बसत असेल, हे मी सांगायला नको.

जवळच मस्की नावाचे गाव आहे. तिथे १९१५ साली बीडन नावाच्या सोन्याच्या खाणींच्या इंजिनिअराला सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला. तोपर्यंत मिळालेल्या लेखांत राजाचे नाव 'देवानांप्रिय प्रियदर्शी' असे येई. मस्कीच्या दगडावर 'अशोक' हे नाव स्पष्ट निघाले आणि विद्वानांचा मोठा वाद मिटला. साहेब सोने शोधायला निघाला आणि त्याला अशोक सापडला. माझ्या मते त्याला जास्त मोलाचे तेच मिळाले.

आता कोलारकडे वळू. कोलार म्हैसूर राज्यात, बेंगळुरूच्या पूर्वेला. आपल्याला हे नाव परके वाटायला नको. शहाजीराजे भोसले आदिलशाहीच्या चाकरीत असताना बेंगळुरूबरोबर कोलारचा मुलूखही त्यांच्या जहागिरीत होता. त्या मातीखाली केवढे धन आहे, याची मात्र कुणाला पुरी कल्पना नव्हती.

गावकरी तेवढे जाणून होते. १८०२ साली जॉन वॉरन नावाचा लष्करी अधिकारी म्हैसूरच्या सरहद्दीची मोजणी करीत तिथे आला. त्याच्या कानावर सोन्याच्या गोष्टी आल्या. जो कोणी सोने दाखवील त्याला बक्षीस देईन, असे त्याने जाहीर केले. तेव्हा उरिगाव नावाच्या खेड्यातले लोक गाडीभर माती घेऊन आले आणि त्याच्या देखत ती धुऊन सोन्याचे कण काढून दाखविले. मारिकुप्पम गावात त्याने पाहिले, की पुरुष अरुंद खड्ड्यांत उतरतात, दगडांच्या टोपल्या हातोहात वर देतात. आणि वर बायका ते दगड कुटून, लाकडी फळीवर धुऊन सोने वेगळे करतात. हे लोक अगदी गरीब, गावकुसाबाहेरचे. दिवसभराच्या कष्टाला त्यांना पोटापुरते मिळे.

आपल्याकडेही सराफाच्या दुकानासमोरची धूळ नि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात ना, तशातलाच हा धंदा. गदगकडच्या ओढ्यांत अशी वाळू धुणाऱ्यांना जालगार म्हणत. सोन्याचा सगळा इतिहास मी वाचला तेव्हा एक गोष्ट दिसली. साहेब येण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी कुणीतरी गरीब माणूस पाण्यात वाकून उभा होताच. शोध लावला असे नाव मात्र नंतर आलेल्याचे झाले.

वॉरनने आपली हकीगत लिहून ठेवली. ती सत्तर वर्षे कागदातच राहिली. मग मायकेल लव्हेल नावाचा एक आयरिश शिपाई न्यूझीलंडमधल्या लढाईतून परत येऊन बेंगळुरूला स्थायिक झाला. न्यूझीलंडमध्ये त्याने सोने खणण्याचे वेड जवळून पाहिले होते. वॉरनचा लेख त्याच्या वाचनात आला आणि १८७१ साली हा गडी बैलगाडीत बसून कोलारला गेला. हिंडून, माती पाहून त्याने १८७३ साली म्हैसूर सरकारकडे परवानगी मागितली आणि १८७५ साली त्याला वीस वर्षांचा पट्टा मिळाला.

परंतु जमीन मिळाली म्हणून सोने मिळत नाही. खडक फोडायला पैसा लागतो, तो त्याच्याजवळ नव्हता. दोन-तीन वर्षांत त्याने आपला हक्क काही लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळीला विकून टाकला. आज बेंगळुरूत त्याच्या नावाचा लव्हेल रस्ता आहे. खाण त्याची राहिली नाही, रस्ता राहिला.

पुढे १८८० साली लंडनची जॉन टेलर आणि कंपनी या कामात आली. म्हैसूर, उरिगाव, नंदिदुर्ग, चॅम्पियन रीफ अशा एकामागून एक कंपन्या निघाल्या. कोलारचे नाव इंग्लंडच्या बाजारात दुमदुमू लागले. माळरानावर तंबू पडले, धुराडी उभी राहिली.

त्याच वेळी आणखी दक्षिणेला, निलगिरीच्या पायथ्याशी वायनाडच्या रानात काय चालले होते ते ऐका. देवाला आणि पंदलूर ही तिथली गावे. तिथे पणिया आणि कुरुंबा हे रानातले लोक आपल्या जमीनदारांसाठी पूर्वापार ओढ्यातले सोने धूत असत. साहेबांनी तिथे कॉफीचे मळे केले होते, पण कॉफीवर कीड पडली आणि मळेवाले कर्जबाजारी झाले. एवढ्यात ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ब्रो स्मिथ नावाच्या जाणत्याने इथल्या दगडात भरपूर सोने आहे असा अहवाल दिला. झाले! १८८० आणि १८८१ या दोन सालांत लंडनमध्ये वायनाडसाठी एकेचाळीस कंपन्या निघाल्या. भांडवल सगळे मिळून पन्नास लाख पौंडांच्या घरात. रोगट कॉफीचा मळा सोन्याची खाण म्हणून विकला जाऊ लागला. पंदलूरच्या रानात हॉटेले निघाली, घोड्यांच्या शर्यतीसुद्धा भरल्या. दगड दळण्याची अवजड यंत्रे घाट चढवून नेली गेली.

आणि जेव्हा दगड खरोखर दळला गेला, तेव्हा टनामागे चिमूटभर सोने निघाले. दळणाची मजुरीही सुटेना. दहा-बारा वर्षांत जवळजवळ सगळ्या कंपन्या बुडाल्या. यंत्रे रानात गंजत पडली. भगिनींनो, यात पैसा कुणी कमावला? ज्यांनी सोने काढले त्यांनी नव्हे, कारण सोने निघालेच नाही. ज्यांनी मळे विकले आणि ज्यांनी कंपन्यांचे कागद चढ्या भावाने विकून वेळेवर पाय काढला, त्यांनी कमावला. बुडाली ती इंग्लंडातली साधी माणसे, ज्यांनी देवाला कुठे आहे ते नकाशातही पाहिलेले नव्हते. असाच प्रकार पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या मुंबई इलाख्यात, गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या डोंगरात झाला. तिथेही कंपन्या निघाल्या आणि १९११ च्या सुमारास गाशा गुंडाळून गेल्या.

कोलारचीही गत तीच व्हायची होती. १८८३-८४ च्या सुमारास पैसा संपत आला. भागीदार म्हणू लागले, उरले आहे तेवढे परत द्या. टेलरनी त्यांना कसेबसे थोपविले. प्लमर नावाच्या खाणप्रमुखाने एक शहाणपणाची गोष्ट केली. जुन्या लोकांनी खणून सोडलेले जे खड्डे होते, त्यांच्याच तळाशी तो उतरला. जुने लोक पाणी लागल्यामुळे थांबले असतील, सोने संपले म्हणून नव्हे, हा त्याचा अंदाज. तो खरा ठरला. खाली चॅम्पियन नावाची शीर लागली, आणि तिने पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ सोने दिले. तोही शेवटी अडाणी म्हटलेल्या माणसांच्याच पावलावर पाऊल ठेवून तिथे पोचला.

मग कोलारला काय कमी? १८९४ साली बाउरिंगपेटहून खाणीपर्यंत आगगाडी आली. बाउरिंग हे म्हैसूरच्या कमिशनरसाहेबांचे नाव. आता त्या गावाला बंगारपेट म्हणतात, आणि बंगारा म्हणजे कानडीत सोने. १९०२ साली शिवसमुद्रमच्या धबधब्यावर वीज तयार करून नव्वदांहून अधिक मैल तारा ओढून खाणीला दिली. बेंगळुरूच्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ साली. साहेबांसाठी बंगले, क्लब, बागा झाल्या.

आणि कामगारांसाठी? बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांच्या लायनी. तमिळ आणि तेलुगू मुलखातले भूमिहीन, बहुतेक दलित समाजातले लोक दुष्काळाला नि सावकाराला कंटाळून तिथे आले. गावात जी शिवाशीव सोसावी लागे, ती खाणीच्या अंधारात थोडी कमी झाली, हा एक फायदा. पण काम जिवावरचे. खाण पुढे सव्वातीन किलोमीटरच्या घरात खोल गेली, जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक. तिथला खडक सासष्ट अंशांपर्यंत तापलेला. हात टेकला तर चटका. मधूनच वरच्या दाबाने खडक स्फोटासारखा फुटे. वरच्या वस्तीतली भांडी खणखणत, आणि प्रत्येक घरातली बाई आधी दाराकडे धावे. आपला माणूस कोणत्या पाळीला आहे, हाच तिचा पहिला विचार.

त्याहून वाईट ती धूळ. दगडाची बारीक धूळ छातीत बसते, फुफ्फुस दगडासारखे होते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. धाप लागते, माणूस खंगत जातो, आणि त्यावर औषध नाही. १९४० साली म्हैसूर सरकारने या रोगाला भरपाई देण्याचे नियम केले. म्हणजे साठ वर्षे माणसे खोकत मेली आणि मग नियम झाला.

वर आणि चोरीचा संशय कामगारावरच. खाणीतून बाहेर येताना अंगझडती. १८९७ साली त्यासाठी खास कायदा झाला. १९३० साली कामगारांचे अंगठ्यांचे ठसे घेऊन नोंद करायचे ठरले, तेव्हा हजारो कामगारांनी संप केला. आम्ही चोर नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. सोने लंडनला जात होते ते कायदेशीर, आणि अंगठा मागत होते तो खणणाऱ्याचा!

स्वातंत्र्यानंतर, १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ साली त्या केंद्र सरकारकडे गेल्या. पण सोने कमी झाले, खोली वाढली, खर्च परवडेना. २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारच्या खाणी बंद झाल्या. सव्वाशे वर्षांत आठशे टनांहून अधिक सोने तिथून निघाले. आता तिथे राखेसारख्या मातीचे डोंगर उभे आहेत, वारा सुटला की ती घराघरात येते. तिथल्या लेकरांचे आईबाप पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला कामाला जातात नि रात्री परततात. आठशे टन सोने देणाऱ्या गावाला आपल्या घरच्या माणसाला दिवसा घरी ठेवता येत नाही. हट्टीची खाण तेवढी चालू आहे, आणि ती कर्नाटक सरकारची आहे.

आता हे सगळे मैंदर्गीत बसून का ऐकायचे? सांगते.

काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या सराफाचा माणूस आपल्या गल्लीत हिंडत होता. दर महिन्याला हजार रुपये भरा, वर्षाने सोने घ्या, वर एक हप्ता आमच्याकडून. आणि पैसे तीन वर्षे ठेवले तर दुप्पट. नाव मी घेत नाही, प्रकरण कोर्टात आहे. माझ्या धाकट्या जावेने शिलाईचे पैसे भरले, लेकीच्या लग्नासाठी. कुणी दुधाचे भरले, कुणी खुरपणीचे. एक दिवस दुकानाला कुलूप. आमच्या जाऊबाईंची लेक यंदा लग्नाची झाली आणि तिच्या गळ्यात मणी कसे घालायचे, हा घरात रोजचा प्रश्न आहे. या सभेत अशा सात-आठजणी तरी बसलेल्या आहेत. त्यांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. लंडनच्या शिकल्यासवरल्या साहेबांनीही एकेचाळीस वेळा तेच केले.

वायनाडचा मळेवाला आणि हा सराफाचा माणूस, दोघांचे बोलणे ताडून पाहा. दोघेही म्हणतात, घाई करा. उद्या भाव चढेल, जागा संपेल. दोघेही सोने दाखवीत नाहीत, कागद दाखवितात. आणि दोघेही अशा माणसांकडे जातात, ज्यांना विचारायला जवळ कुणी नसते. बाई घरात एकटी असताना, दुपारी.

म्हणून माझी मंडळापुढे विनंती आहे. तीन गोष्टी ठरवू.

पहिली, असा कुणी माणूस दारात आला, की घरात बोलायचे नाही. शुक्रवारी मंडळात ये, सगळ्यांसमोर कागद दाखव, म्हणून सांगायचे. खरा असेल तर येईल. खोटा असेल तर गल्ली सोडील.

दुसरी, सोने घ्यायचे तर पैसे देऊन, पावती घेऊन, हातात घ्यायचे. आता दागिन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षरांचा नि आकड्यांचा क्रमांक असतो. चष्मा लावून तो बघायचा, आणि पावती पेटीत जपून ठेवायची. बाकीची बचत पोस्टात, बँकेत किंवा आपल्या बचत गटात. तिथे दुप्पट होत नाही, पण कुलूपही लागत नाही.

तिसरी, ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी एकेकटीने रडत बसायचे नाही. ठेवीदारांसाठी आपल्या राज्यात १९९९ चा कायदा आहे, आणि परवानगीवाचून ठेवी गोळा करण्याविरुद्ध देशाचा २०१९ चा कायदा आहे. ज्यांनी अजून पोलिसांत जबाब दिलेला नाही, त्यांची यादी आपण करू. पावत्या, वहीतली नोंद, जे असेल ते जमवू आणि पाच-दहाजणी मिळून अक्कलकोटला जाऊ. माझी जाऊ आधी तयार नव्हती, आता तयार आहे. एकटीचे म्हणणे साहेबाच्या टेबलापर्यंत पोचत नाही. कोलारच्या कामगारांचेही एकेकट्याचे पोचले नव्हते.

आपल्याकडे म्हणतात, सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात मारून घेत नाही. सोने वाईट नाही. अडीअडचणीला, आजारपणाला, मुलाच्या फीला बाईच्या हाताशी तेच असते, आणि म्हणून आपण ते जपतो. त्यात चुकीचे काही नाही. पण ज्या सोन्यासाठी कुणीतरी तळपत्या खडकात उतरले, कुणी छातीत धूळ भरून घेतली, ते आपल्या कष्टाच्या पैशाने, डोळे उघडे ठेवून घ्यावे, एवढेच माझे सांगणे.

यादीची वही मी बरोबर आणलेली आहे. कार्यक्रम संपला, हळदीकुंकू झाले, की दाराशी बसेन. ज्यांना नाव द्यायचे असेल त्यांनी संकोच न करता यावे. लिहिता येत नसेल तर मी लिहून घेईन.